आगळाचं मीठ कमी करू नका
आगळाला, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाला, बुरशी येते म्हणून सोडियम बेंझोएट (टिकवण्यासाठीचं रसायन) घालायलाच हवं, असं काहीजण सांगतात, ते मला पटत नाही. आमच्याकडे मालवणात रातांब्याचा (कोकमाच्या पिकलेल्या फळाचा) गर बियांसकट बरणीत घालतात, किलोला पाव किलो जाडं मीठ. आठवडाभर रोज लाकडी डावाने ढवळायचं, मग गाळायचं. दोन वर्षांपूर्वी खारट नको म्हणून मी मीठ निम्मं केलं, तर पंधरा दिवसांत वर पांढरी साय! एवढं मीठ टिकण्यासाठी लागतंच. सोलकढीत वेगळं घालू नका, झालं.

आणि गाळून उरलेल्या बिया टाकता की काय? वाळवून, कुटून पाण्यात उकळल्या की तेल वर येतं, गार झाल्यावर त्याचा घट्ट गोळा होतो. टाचांच्या भेगांना आम्ही तोच चोळतो.