लग्नाचा खर्च आवरायचा कसा? घरचे ऐकत नाहीयेत, सल्ला द्या

कृष्णाकाठची:
नमस्कार मंडळी. माझं लग्न ठरलंय, फेब्रुवारीत. आम्ही साताऱ्याचे, मुलगा कराडचा, दोघंही पुण्यात नोकरीला. आमचं ठरलेलं की दीडशे माणसांत उरकायचं, सहा लाखांत. परवा याद्या झाल्या आणि दीडशेची आठशे झाली, बाबा बैठकीत नुसतं "होऊन जाईल, होऊन जाईल" करत राहिले आणि रात्री मला हळूच म्हणाले की पीएफ काढतो. रडूच आलं. हुंडा-बिंडा काही नाही हो, फक्त "लग्न तेवढं चांगलं करून द्या". चांगलं म्हणजे एसी कार्यालय, संगीत, ड्रोन आणि पन्नास फेटे. कात्री कुठे लावू?

तात्या_वाईकर:
"चांगलं करून द्या" हाच आजकालचा हुंडा आहे, फक्त पावती कार्यालयाच्या नावानं फाटते. मुलाला सांग त्याच्या घरी त्यानं बोलायचं. तू बोललीस तर "आत्ताच एवढं बोलते" होतं.

वाढपी:
केटरिंगमध्ये बारा वर्षं काढलीत म्हणून सांगतो. फेटे आणि ड्रोन सोडा, खरा पैसा ताटात जातो. पाचशे ताटांची गॅरंटी लिहून दिली आणि साडेतीनशेच जेवले तरी बिल पाचशेचंच, त्यामुळे गॅरंटी कमीची द्या, वाढीव ताटाचा रेट आधीच लिहून घ्या आणि ताटं मोजायला घरचा एक खमक्या माणूस शेवटपर्यंत उभा करा (नवरीचा भाऊ नको, त्याला सगळे फोटोला बोलावतात). कार्यालय बुक करताना विचारा, डेकोरेटर त्यांचाच घ्यावा लागतो का, वीज मीटरप्रमाणे का, हॉल उशिरा सोडला तर तासाला किती. भाडं कमी सांगून इथेच वसूल करतात. मुहूर्त मधल्या वारी मिळाला तर घासाघीस जमते.

शालूची_घडी:
मानाच्या साड्या बंद करा आधी!! माझ्या लग्नात आईनं बस्त्यात बेचाळीस घेतल्या. दोन वर्षांनी मावससासूकडच्या मुंजीत मला एक साडी आली, घडी मोडली तर आत आईच्या अक्षरातली चिठ्ठी टाचणीला तशीच, "कऱ्हाडच्या आत्याबाई". आमचीच साडी गाव फिरून घरी आली.

रजिस्टर_झालो:
आम्ही विशेष विवाह कायद्यानं केलं, १९५४ चा. जिथे नोटीस द्यायची त्या जिल्ह्यात दोघांपैकी एकजण आधी तीस दिवस राहत असला पाहिजे, मग नोटीस, पुढे तीस दिवस थांबायचं, तीन साक्षीदार, झालं. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न लागलं पाहिजे नाहीतर परत पहिल्यापासून, तेव्हा तारखेचा हिशोब बघून अर्ज करा. नंतर जवळच्या साठ जणांना जेवण दिलं. सोनं मात्र टळलं नाही, तोळा लाखाच्या वर गेलाय तरी आजीला गंठण पाहिजेच होतं.

जुनी_विहीण:
सगळे बाबांनाच अडाणी ठरवताय म्हणून लिहिते. तीस वर्षं त्यांनी लोकांच्या पंगतीत जेवून आहेर केलाय, आता स्वतःच्या मुलीच्या वेळी दीडशे माणसं बोलावून बाकीच्यांना कुठल्या तोंडानं भेटतील? तुमच्याकडे आहेराची वही असेल. ती काढा, बाबांच्या शेजारी बसा आणि एकेक नाव त्यांनाच खोडू द्या. तुम्ही खोडलंत तर भांडण होणार.

कृष्णाकाठची:
जुनी_विहीण ताई, काल वही काढली. निळी, रेक्झिनची, पहिली नोंद १९९४ ची, अकरा रुपये. बाबा प्रत्येक नावाशी दहा मिनिटं थांबत होते, निम्मे तर वारलेत म्हणाले. रात्री एक वाजेपर्यंत आठशेची तीनशे वीस झाली. त्यानं पण त्याच्या आईशी बोलून संगीत रद्द केलं, फेट्यांचं घोडं अजून अडलंय कारण त्याच्या काकांनी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलंय. साड्यांचं आईला चिठ्ठीचा किस्सा वाचून दाखवला तर हसली, पण "बघू" म्हणाली. आता साताऱ्यात साडेतीनशे माणसांचं, बाहेरचा आचारी चालणारं कार्यालय कुणाला माहितीये का? मंगळवार-बुधवार पण चालेल.