पहिली रायफल हवी, वीस हजारांत, निशाणाला आणि शिकारीलाही चालेल अशी. मदत करा

वारणेकाठ:
पहिली रायफल घ्यायची आहे. बजेट वीस हजार, ताणून बावीस. निशाणाचा सराव आणि थोडी शिकार, दोन्हीला चालली पाहिजे. दुकानदार दर फोनला वेगळं मॉडेल सांगतो. रविवारी कोल्हापूरला जाऊन घेऊनच यायचंय. नाव सांगा, लवकर.

दहा_मीटर:
परवाना आहे का? वापरणार कोण? किती अंतरावर? एवढं कळल्याशिवाय नाव कसं सांगू? २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे बिनपरवाना फक्त ४.५ मिमी (म्हणजे ०.१७७) नळीची आणि २० ज्यूलच्या आतली एअर रायफल घेता येते.

वारणेकाठ:
परवाना नाही. एअर रायफलच म्हणतोय, ते उघड आहे ना.

रानवाटा:
मग शिकार विसरा. १९७२च्या वन्यजीव कायद्यात ससा, होला, रानडुक्कर सगळे येतात. छर्ऱ्याची बंदूक असली तरी गुन्हा तो गुन्हाच.

वारणेकाठ:
हौसेची शिकार नाही हो. उसात डुकरं घुसतात. परवा रात्रीत सहा सऱ्या आडव्या केल्या. कांडी चावून चोथा टाकलेला, सकाळी बघवत नव्हतं.

रानवाटा:
दादा, दुःख कळतं, माझाही भुईमूग असाच जातो. पण छर्रा डुकराच्या चामडीखाली अडकतो, जनावर मरत नाही, आणि दुसऱ्या दिवशी ऊस तोडायला आलेल्या माणसावर जखमी डुक्कर धावून येतं. नुकसानीचे फोटो काढा, वनरक्षकाला बोलवा, पंचनामा करून भरपाईचा अर्ज लगेच द्या. पीक खाणाऱ्या जनावराला मारायची परवानगी कायद्याच्या कलम ११ खाली वनविभागच देतो, आपण परस्पर नाही.

आबांचा_नातू:
आमच्या आबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक होती. निवडणूक लागली की ठाण्यात जमा करायची, निकालानंतर आणायची. आबा गेल्यावर परवाना वारसाच्या नावावर करायचा राहिला तो राहिलाच. कुणी असा करून घेतलाय का?

दहा_मीटर:
त्याला वेगळा धागा काढा. वारणेकाठ, वापरणार कोण ते अजून सांगितलं नाहीत.

वारणेकाठ:
पुतणी. आठवीत आहे. शाळेच्या जिल्हा स्पर्धेत सरांची रायफल मागून खेळली, आता स्वतःची हवी म्हणते. शेतावर मी वापरीन असा विचार होता, तो आता सोडला.

पीसीपीवाला:
हे आधी सांगायचं! पीसीपीच (आधी दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफल) घ्या. स्प्रिंगच्या रायफलला झटका असतो, पोरगी नेम शिकण्याऐवजी झटका सांभाळायला शिकेल. मी तीन वर्षं स्प्रिंगवर वाया घालवली.

दहा_मीटर:
पीसीपीला २०० बार दाबापर्यंत हवा भरायची, त्याचा पंप किंवा सिलिंडर वेगळा. गावात कोण भरून देणार? आणि स्प्रिंगवर शिकलेला हात वाया जात नाही. प्रेसिहोल कंपनीची स्प्रिंगची रायफल घ्या, आपल्याकडेच बनते, सुटे भाग मिळतात. मॅचच्या परदेशी रायफली दोन लाखांच्या पुढे, त्यांचा आत्ता विचारही नको.

पीसीपीवाला:
मुलगी नळी मोडून (म्हणजे बिजागरीवर खाली वाकवून) स्प्रिंग दाबू शकेल का, हे विचारलंत का?

नेमताई:
हा प्रश्न बरोबर आहे. मी शाळेपासून राज्यापर्यंत खेळले, आता मुलींना शिकवते. तेरा वर्षांच्या मुलीला कडक स्प्रिंग साठ वेळा दाबणं जड जातं, विसाव्या छर्ऱ्याला खांदा थरथरतो. दहा मीटरवर दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो, थरथर लगेच कागदावर दिसते. शिवाय शालेय स्पर्धेत ओपन साइट (उघड्या खाचेतून नेम) आणि पीप साइट (बारीक भोकातून नेम) असे वेगळे गट असतात. ती कुठल्या गटात खेळली? आणि उजव्या हाताची की डाव्या?

वारणेकाठ:
गट ओपन साइट. हात डावा. त्यानं फरक पडतो का?

नेमताई:
खूप. बऱ्याच दस्त्यांना गाल टेकायचा उंचवटा उजव्यांसाठी डाव्या बाजूला असतो. डाव्या खांद्यावर घेतली की गाल टेकत नाही, मग मान वाकवून माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) शोधावी लागते आणि ती सवय पुढे सुटत नाही. दोन्हीकडून सारखा दस्ता बघा. पुतणीला सोबत न्या, दुकानातच नळी मोडायला लावा, तीही दहा वेळा. छर्रा न घालता घोडा मात्र ओढू देऊ नका, पिस्टनचं सील फाटतं. उरलेल्या पैशांत चपट्या तोंडाचे छर्रे घ्या, कागदाला गोल भोक तेच पाडतात.

आबांचा_नातू:
राधानगरीतल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलला कांस्य आणलं, तेजस्विनी सावंत २०१०ला म्युनिकमध्ये रायफल नेमबाजीत विश्वविजेती झाली. कोल्हापूरची पोरं आहेत, पैसे कमी करू नका.

वारणेकाठ:
रविवारी पुतणीला घेऊन गेलो. दुकानदारानं काढलेल्या पहिल्या रायफलीची नळी तिला चार वेळाच मोडता आली, पाचव्यांदा गुडघ्यावर टेकवायला लागली. दुसरी हलकी होती, दस्ता दोन्हीकडून सारखा. दहा वेळा मोडली, गाल टेकवला आणि म्हणाली, "काका, माशी आपोआप समोर येते." तीच घेतली, अठरा हजारांत, दोन डबे छर्ऱ्यांसह. आधार कार्डाची प्रत माझ्या नावावर दिली. आता परड्यात दहा मीटर मोजलेत. मागे कसली भिंत करू? विटा लावल्या तर छर्रा उलटा येईल का?

नेमताई:
येतो, विटा नकोतच. जुन्या पोत्यांत वाळू भरून दोन थर रचा, पोतं फाटलं की बदला. पलीकडे वाट असेल तर ती जागाच सोडा. आणि पुतणीच्या डोळ्यांना संरक्षक चष्मा पाहिजे, पहिल्या दिवसापासून.