सैनिक कचेऱ्या एकत्र केल्या तर सरकारचे किती वाचतात? (निवेदन सोमवारी द्यायचंय)

जांबोटी_नाका
नमस्कार. जिल्हा सैनिक कचेरी (माजी सैनिकांची कामं बघणारी) शेजारच्या जिल्ह्यात मिसळणार अशी चर्चा आमच्याकडं चाललीय. खर्च वाचतो म्हणे. सोमवारी निवेदन द्यायचंय, त्यात आकडा पाहिजे. राज्याच्या बजेटवर नेमका फरक किती? पेन्युरीचं (पेन्शन नसलेल्या म्हाताऱ्या माजी सैनिकांना आणि विधवांना दरमहा मिळणारी मदत) काय होणार? आत्याचा अर्ज आत्ताच परत आलाय. पटकन सांगा, गुगल करा म्हणू नका.

गडहिंग्लजकर
कुठलं राज्य? कोल्हापूरची कचेरी की बेळगावची?

जांबोटी_नाका
जांबोटी म्हटल्यावर खानापूर, खानापूर म्हटल्यावर बेळगाव. कर्नाटकच की ओ.

गडहिंग्लजकर
आदेश निघाला असेल तर क्रमांक टाका.

जांबोटी_नाका
आदेश नाही. टपरीवर सगळे बोलालेत.

नि_सुभेदार
सर्वांनी आधी स्पर्शवर (सैनिकांच्या पेन्शनचं ऑनलाइन पोर्टल) हयातीचा दाखला वेळेत भरावा. दाखला राहिला की पेन्शन अडकते, मग बँकेत भांडून काही होत नाही. मोबाईलवर चेहरा दाखवून घरबसल्या होतो. माझ्या बॅचच्या तिघांचं मीच करून दिलं.

जांबोटी_नाका
साहेब, आत्याला पेन्शनच नाही. मामा (आत्याचे यजमान) मराठा लाईट इन्फंट्रीमधनं ९ वर्षांतच घरी आले.

जुना_हिशेबनीस
आकडा हवा म्हणता, तर आधी पैसा येतो कुठून ते बघा. राज्य आणि जिल्हा सैनिक मंडळांचा (म्हणजे याच कचेऱ्यांचा) खर्च केंद्र ६० टक्के उचलतं, राज्य ४० (विशेष दर्जाच्या राज्यांत ७५-२५). समजा कचेरीचा वर्षाचा खर्च ५० लाख आणि विलीनीकरणात २० लाख वाचले. राज्याच्या पदरात ८ लाख. बाकीचे १२ केंद्राचे वाचले. हे आकडे समजण्यापुरते आहेत, निवेदनात घालू नका.
पेन्युरी तर राज्याच्या बजेटमध्ये येतच नाही. ती केंद्राच्या सशस्त्र सेना ध्वजदिन निधीतून, केंद्रीय सैनिक मंडळामार्फत. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना महिना ४ हजारांचे ८ हजार झालेत. लग्नाचं अनुदान ५० हजारांवरून १ लाख. या सगळ्या वाढीचा वर्षाचा बोजा सुमारे २५७ कोटी, तोही त्याच निधीवर. कचेरी अर्ज तपासून पुढं पाठवते. म्हणून कचेरी हलली तरी ८ हजारांचे ७ होणार नाहीत.

कडोलीकर
कागदावर बरोबर आहे, खरं अर्ज पुढं जायला माणूस लागतो. दोन जिल्ह्यांचे गठ्ठे एका टेबलावर आले की सहा महिने तिथंच. पाऊणशे वर्षांच्या म्हातारीनं एका सहीसाठी धारवाड गाठायचं काय? तिचं भाडं कुठल्या बजेटात?

गडहिंग्लजकर
तुमच्याकडं शक्ती योजना आहे ना? बायकांना साधी बस फुकट.

जुना_हिशेबनीस
फुकट तिला. त्या तिकिटाचे पैसे सरकारच परिवहन महामंडळाला भरतं. म्हणजे ८ लाखांतले थोडे इकडून गेलेच. निवेदनात हा मुद्दा घ्या, कुणी घेत नाही.

कडोलीकर
आणि गडी माणसानं? निवृत्त नाईकाला तिकीट पडतंच.

सीमावासी_८६५
मूळ दुखणं वेगळंच आहे. अर्ज कन्नडात, नाव एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरं. २०२३ ला महाराष्ट्रानं इकडच्या ८६५ सीमावादातल्या गावांना जन आरोग्य योजना लागू केली तर इकडून केवढा विरोध झाला. सैनिकांसाठी पण तशीच

कडोलीकर
दादा, तो धागा वेगळा. मागच्या वेळी २०० प्रतिसाद झाले आणि विचारणारा पळून गेला.

सीमावासी_८६५
वेगळा कसा? खानापूरचा माणूस मराठा रेजिमेंटला चालतो

नि_सुभेदार
रेजिमेंटला यात ओढू नका. तिथं कुणी तालुका विचारत नाही.

जुना_हिशेबनीस
जांबोटी, आत्याचा अर्ज परत आला म्हणालात. कारण काय लिहिलंय? वय ६५ च्या वर आहे ना? मामांचा हुद्दा?

जांबोटी_नाका
वय ७१. मामा शिपाई होते. "नोंदणी या कार्यालयात नाही" असं लिहिलंय. म्हणूनच म्हटलं, कचेऱ्या एकत्र करायचं सुरू झालंय.

जुना_हिशेबनीस
नोंदणी नाही म्हणजे नोंदणी नाही. त्याचा विलीनीकरणाशी काय संबंध? डिस्चार्ज बुकवर (फौजेतून सुटताना मिळतं ते पुस्तक) पत्ता कुठला?

जांबोटी_नाका
चंदगड तालुका, कोल्हापूर जिल्हा. मामा तिकडचेच. ते गेल्यावर आत्या माहेरी आली, त्याला १८ वर्षं झाली.

गडहिंग्लजकर
मी पहिल्याच प्रतिसादात काय विचारलं होतं?

जांबोटी_नाका
तुम्ही कचेरीचं विचारलात, मामाचं नाही.

जुना_हिशेबनीस
नोंदणी कोल्हापूरला असणार. तिथं अर्ज करून ती बेळगावला वर्ग करून घ्या. आत्याचा आधार आणि रेशनकार्ड खानापूरचं आहे ना? पेन्युरीचा अर्ज त्यानंतर.

जांबोटी_नाका
आधार खानापूरचं. रेशनकार्ड बघून सांगतो. आणि निवेदनाचं काय? छापायला टाकलंय.