'सगळ्या बॉड्या कापा' म्हणजे नक्की काय करायचं?

आरपार
आयटीआयच्या मुलांसाठी फ्यूजनची (संगणकावर वस्तूंचे घन आकार बनवायचं कॅड सॉफ्टवेअर) मराठी टिपणं चालली आहेत. त्यात एक वाक्य अडलंय. एकावर एक चार प्लेटी, प्रत्येकी १० मिमी जाड, आणि चारींतून एम-८ बोल्टसाठी ९ मिमीचं आरपार भोक. एक्स्ट्रूडमध्ये (सपाट आकृती ओढून घन करायची कमांड) ऑपरेशन 'कट' ठेवायचं, लांबी ४० मिमीच्या पुढे न्यायची, 'ऑब्जेक्ट्स टू कट'मध्ये चारही प्लेटींवर खूण करायची, एवढंच. टिपणात वाक्य आहे, 'चारही घन एकाच वेळी कापा'. ते वाचून निम्मी मुलं 'स्प्लिट बॉडी'त (बॉडीचे, म्हणजे सुट्या घनाचे, तुकडे करणारी कमांड) शिरली. तिथे चार प्लेटी आणि चार चकत्या मिळून आठ बॉड्या होतात, आणि चकत्या भोकातच बसलेल्या असल्याने चूक दिसतही नाही. वजन काढलं तर आधीएवढंच. 'कट'ला काय म्हणावं?

शब्दवेल्हाळ
छेदणे. 'घन छेदा.' सोपा, आपला, दोन अक्षरी.

उभाछेद
छेद नको हो. नववीच्या गणितात संच शिकवताना छेद म्हणजे दोघांत सामाईक तेवढंच. फ्यूजनच्या कंबाईनमध्ये (बॉड्यांची बेरीज-वजाबाकी करायची कमांड) जॉइन, कट, इंटरसेक्ट अशा तीन क्रिया आहेत. त्यातला छेद हा इंटरसेक्ट झाला, म्हणजे कटच्या बरोबर उलट: प्लेट जाईल आणि चकती राहील! शिवाय ड्रॉइंगमधला सेक्शन तोही छेदच, आणि अपूर्णांकाचा आहेच. एका शब्दावर किती ओझं?

चकजबडा
खोड 'कापणे'तच आहे. मराठीत कापलं की दोन्ही तुकडे हातात राहतात, पपई कापली तरी आणि बार कापला तरी. भोक कोणी कापत नाही. भोक पाडतात, खाच काढतात, चावीगाळा मारतात. कॅडमधला कट म्हणजे मटेरियल काढणं. आणि स्प्लिट म्हणजे आपलं अस्सल कापणं. मुलांनी मराठी बरोबर वाचली, तुमचं वाक्यच चुकीच्या बटणाकडे पाठवतंय. लिहा: 'चारही प्लेटींतून आरपार भोक पाडा (ऑपरेशन: कट).'

शब्दवेल्हाळ
भोकापुरतं ठीक. कटर तिरका पाचर असेल तर? तेव्हाही 'पाडा'? मग 'वजा करा' म्हणा, सगळ्याला चालेल.

उभाछेद
'वजा करा' मला पटतं, पण 'एकाच वेळी'चं काय? खरी गोची तिथे आहे. फ्यूजनच्या कंबाईनमध्ये टार्गेट बॉडी (जिच्यातून वजा करायचं ती) एकच घेता येते, टूल बॉड्या (ज्या वजा करायच्या त्या) कितीही. म्हणजे चार प्लेटींसाठी कंबाईन चारदा. आणि 'कीप टूल्स'वर खूण नसेल तर पहिल्या वजाबाकीतच टूल म्हणून घेतलेला भोकाच्या मापाचा सिलिंडर खर्ची पडतो, दुसऱ्या प्लेटीला टूलच उरत नाही. एक्स्ट्रूड-कटला ही अडचण नाही. मात्र कमांड चालवताना लपवलेली बॉडी त्यात धरली जात नाही, तेव्हा आधी चारही प्लेटींचा डोळा (दाखवा-लपवाची खूण) उघडा ठेवा.
ऑटोकॅड या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सबट्रॅक्टला (वजाबाकीची कमांड) पहिल्या निवडीत, म्हणजे ज्यातून वजा करायचं त्यात, चार प्लेटी दिल्या की त्या आधी एक होतात. चिकटून असतील तर मागाहून 'सेपरेट'नेही सुटत नाहीत. तिथे 'एकत्र वजा करा' लिहिलंत तर अक्षरशः तेच होतं. म्हणून 'प्रत्येकातून' हा शब्द हवाच.

टाकळी
ओपनस्कॅडमध्ये (तिथे आकार कोड लिहून बनवतात) तर आणखी मजा. डिफरन्समध्ये (वजाबाकी) पहिलं अपत्य, म्हणजे आत लिहिलेला पहिला आकार, उरतं, बाकी सगळी त्यातून वजा. चार प्लेटी आणि सिलिंडर ओळीने लिहिले तर पहिल्या प्लेटीतून बाकीच्या तीन प्लेटीही वजा होतात. प्लेटी युनियनमध्ये (बेरीज) गुंडाळाव्या लागतात. सिलिंडर दोन्ही टोकांना ०.१ मिमी बाहेर काढायचा, नाहीतर तोंडाशी पापुद्रा लुकलुकतो.
बाकी चकजबडा म्हणतात ते व्युत्पत्तीतही बसतं. कापणे आलं प्राकृत 'कप्प'वरून, ते संस्कृत 'कल्प्'वरून. कल्पना त्याचीच बहीण. रचणं, बेतणं असा मूळ अर्थ, टाकून देणं नाहीच. काढून टाकणारं आपलं क्रियापद 'कातणे'. लेथवर लाकूड कातून आकार देतो तो कातारी.

शब्दवेल्हाळ
वा! मग 'घन काता'.

चकजबडा
फिरत्या जॉबला (लेथवर लावलेल्या वस्तूला) कातणं म्हणतात. प्लेट कोण कातेल? ड्रिलला मारा 'कातणे' आणि बघा वर्कशॉपमध्ये काय ऐकावं लागतं.

टाकळी
पण 'कातीव' हा मराठीतला सगळ्यात सुंदर…

उभाछेद
'घन'ही तपासा. फ्रीकॅडमध्ये पार्ट डिझाइनची 'बॉडी' म्हणजे घन नव्हे, फीचर्सची (भोक, खाच अशा पायऱ्यांची) पेटी. जुन्या आवृत्त्यांत तिच्यात एकच सलग घन चालायचा, कटने दोन तुकडे झाले की एरर. १.० पासून परवानगी देता येते. आणि सॉलिडवर्क्समध्ये 'फीचर स्कोप'ला (कट कोणत्या बॉड्यांना लागू ते ठरवणारी सेटिंग) 'ऑल बॉडीज' ठेवलं तर नंतर आलेल्या प्लेटीलाही भोक पडतं. 'ऑटो-सिलेक्ट'ला पहिली यादी धरली जाते. पाचवी प्लेट कोरी का राहिली, याचं उत्तर बहुतेक वेळा तिथे सापडतं.

आरपार
म्हणजे 'चारही बॉड्यांतून प्रत्येकी वजा करा'? 'बॉड्या' छापील टिपणात वाईट दिसतं.

शब्दवेल्हाळ
दिसतंच. घनाकृती लिहा.

चकजबडा
स्क्रीनवर 'बॉडीज' लिहिलंय. पोरगं 'घनाकृती' कुठे शोधणार? बटणाचं नाव तसंच देवनागरीत ठेवा, क्रिया मराठीत सांगा.

टाकळी
कातीवसाठी वेगळा धागा काढू का?

आरपार
काढा. त्याआधी, 'टूल बॉडी'ला हत्यार म्हणावं की टूलच?

शब्दवेल्हाळ
अवजार.

चकजबडा
टूल.