आई गेल्यानंतर आम्ही भावंडं : तुमचेही अनुभव लिहा

आमच्या घरच्या सगळ्या बातम्या आईमार्फत फिरायच्या. धाकट्याच्या मुलीला ताप आला, ताईची बदली झाली, सगळं तिच्याकडूनच कळायचं. गेल्या श्रावणात ती गेली. तेरावा उरकून आम्ही पांगलो आणि कुणाचं काही कुणाला कळेनासं झालं. रुसवाफुगवा काही नाही, पण एकमेकांना थेट फोन करायची सवयच नव्हती. आता ताई दर रविवारी दिवेलागणीनंतर, आईच्या वेळेला, सगळ्यांना फोन लावते. आई गेल्यावर भावंडांना आपसात बोलायला नव्याने शिकावं लागतं, असं मला मनापासून वाटतं. तुमच्याकडे कसं झालं?

वाईहून
दहाव्याला कृष्णेच्या घाटावर पिंड ठेवले. कावळे झाडावर बसलेले, पण एकही खाली उतरेना. गुरुजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल तर बोला." दादाने हात जोडले, "आई, अण्णांना मी माझ्याकडे नेतो." पुन्हा वाट बघणं. धाकटा तिच्या आजारपणात फारसा फिरकला नव्हता, आम्ही सगळे त्याच्यावर धुमसत होतो. तो एकदम रडत म्हणाला, "तुला तसं बघवत नव्हतं गं मला." कावळा तरीही शिवला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. नातेवाईक हळहळले. पण एरवी एकमेकांना जे कधीच बोललो नसतो, ते त्या घाटावर आमच्या कानांवर पडलं. परतताना दादाने धाकट्याला गाडीत आपल्याशेजारी बसवून घेतलं.

मेलबर्नहून
मे २०२१. ऑस्ट्रेलियाने भारतातून येणारी विमानं थांबवली होती. पुण्यात भावाने एकट्याने सगळं केलं, त्याला चेहराही नीट बघू दिला नाही. पुढे कितीतरी दिवस त्याने तो विषयच काढला नाही. गेल्या भाऊबीजेला मी ओवाळायला बसले आणि तो बोलायला लागला. निरांजन विझलं तरी आम्ही पाटावरून उठलो नाही.

नाशिकहून
बाराव्याच्या संध्याकाळीच भावाने हक्कसोडपत्राचा मसुदा पुढे केला. फ्लॅट आईच्या नावावर, मृत्युपत्र नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने अशा वेळी मुलगे, मुली आणि नवरा, म्हणजे आमचे वडील, यांना सारखा वाटा मिळतो. मला वाटा नकोच होता. पण आईची साडी अजून दोरीवर होती हो! कागद नंतरही होतात. आता वर्षश्राद्धाला भेटायचं ठरलंय, आधी त्याच्याशी निवांत बोलणार आहे.

सांगलीहून
आईच्या गोड्या मसाल्याचं प्रमाण कुठेच लिहिलेलं नव्हतं. मोठीला धणे-तीळ आठवत होते, मला दगडफूल. खोबरं कुठवर भाजायचं, ते मात्र फक्त दादाला वासावरून कळलं. कढईपाशी तिघंही रडलो, पण मसाला जमला.

सांगलीच्या ताईंना
आमच्याकडे दगडफुलावरूनच बहिणींचं एकमत होत नाहीये. किलोभर धण्यांना तुम्ही किती घेता? जमलं तर दादांनाही विचारून लिहा.