वारसा यादीतला वाडा जळाला, तर तिथलं नवं बांधकाम रोखावं का?

महालकर: रोखावं. वारसा यादीतली इमारत पुनर्विकासाच्या तोंडावर जळाली, तर प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत मलब्याला हात लागू नये आणि नंतरही जुन्यापेक्षा एक फूट जास्त चटईक्षेत्र (बांधकामाचं एकूण क्षेत्रफळ) मिळू नये. आगीतून फायदाच नसेल, तर काडी कोण लावेल? इंग्लंडमधलं 'क्रुकेड हाउस' पाहा. खाणींमुळे जमीन खचून कललेली अठराव्या शतकातली इमारत. जुलै २०२३ मध्ये विकली गेली, ५ ऑगस्टला पेटली, दोन दिवसांत पाडलीसुद्धा. पुढच्या फेब्रुवारीत तिथल्या कौन्सिलने आदेश काढला, होती तशी परत बांधा.

वाडावाला: म्हणजे आग लागली की मालक आरोपी? नागपूरच्या भोसल्यांचा राजवाडा १८६४ मध्ये जळाला, तेव्हा कुठला बिल्डर होता? आमच्या वाड्यात आजोबांच्या काळची कापडी वायर आहे, माळ्यावर वाळकं सागवान. भाडं येतं त्यात कौलंही बदलून होत नाहीत. दुरुस्तीला कोणी दमडी देत नाही, आणि जळालं की आमचीच जमीन गोठवणार. जो निर्दोष आहे त्याने काय करायचं?

वायरमन_सीताबर्डी: एक सांगतो, कारण पेपरात दुसऱ्याच दिवशी 'शॉर्ट सर्किट' छापून येतं. तारेवर वितळलेला मणी दिसला म्हणून शॉर्ट सर्किटनेच आग लागली, असं होत नाही. आगीत आवरण जळून चालू तारा एकमेकींना लागल्या, तरी तसाच मणी बनतो. आग कुठे सुरू झाली, मेन चालू होता का, कोणता फ्यूज उडाला, हे जागेवरच बघावं लागतं. मीटर काढून नेलेल्या रिकाम्या वाड्यात तर, कोणी आकडा टाकला नसेल, तर करंट येणार कुठून? जेसीबी फिरला की सगळंच गेलं.

भाडेकरू: २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की इमारत पडली तरी भाडेकरूचा हक्क जमिनीवर राहतो. पण आगीनंतर सामान घेऊन बाहेर पडलेलं कुटुंब त्या जागेत परत यायला किती वर्षं भांडेल?

वाडावाला: मलबा जपा, मान्य. चटईक्षेत्राची शिक्षा मान्य नाही. गुन्हा सिद्ध झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२६ मध्ये जन्मठेपेपर्यंत तरतूद आहे, ती वापरा.

महालकर: दादा, पुरावाच जळाल्यावर सिद्ध काय होणार? म्हणून तर नियम हवा. तुमच्या दुरुस्तीसाठी महापालिकेने पैसे द्यावेत, त्यासाठी मी तुमच्यासोबत निवेदनावर सही करतो. पण आगीनंतर लगेच 'धोकादायक'ची नोटीस, हे थांबायलाच हवं. जाड सागवानी तुळई बाहेरून कोळसा होते, आतला गाभा बराच वेळ शाबूत राहतो. आधी इंजिनिअरने ती ठोकून, छिद्र पाडून तपासावी. तोवर टेकू लावा, पाडू नका.