मदत हवी आहे: आर्वी तालुक्यातली जुनी बंडीवाट, रिठीच्या पुढचे अडीच किलोमीटर सापडत नाहीत

नमस्कार मंडळी,

आमचं गाव आर्वी तालुक्यात, वर्धा नदीच्या अलीकडे. बाबा आता ७६ वर्षांचे आहेत. त्यांच्या लहानपणी कार्तिकात घरची रेंगी (छोटी बैलगाडी) जुंपून सगळे कौंडण्यपूरच्या यात्रेला जायचे. रुक्मिणीचं माहेर म्हणून आजीने ती यात्रा कधी चुकवली नाही. गावाच्या आखरातून (गुरं जमायच्या जागेतून) पांदण, म्हणजे वावरांमधली गाडीवाट, निघायची, एका रिठीवरून जायची, मग नाला ओलांडून देऊरवाड्याच्या अंगाने नदीकाठी लागायची. बाबांच्या हिशेबाने चार कोस. आता सगळे डांबरी रस्त्याने जातात आणि ही वाट आमच्या पिढीतल्या एकानेही पाहिलेली नाही.

ती वाट मला शोधायची आहे आणि येत्या कार्तिकात बाबांना तिच्यावरून न्यायचं आहे. त्यांना वाटेवरच्या खुणा क्रमाने पाठ आहेत: आखर, दोन चिंचा, रिठीवरची विहीर, नाल्यातला काळा खडक, मग चढ. गेल्या वर्षभरात ते थोडं थोडं विसरू लागले आहेत, म्हणून घाई आहे.

विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगतो, रिठी म्हणजे उठून गेलेलं गाव. महसुली दप्तरात मौजाचं नाव शाबूत असतं, राहायला मात्र कुणी नसतं. आमच्या वाटेवरच्या रिठीत मारोतीचा ओटा, बांधीव विहीर आणि निंबाची झाडं एवढंच उरलं आहे. मारोतीला शेंदूर मात्र ताजा होता. आजूबाजूचे शेतकरी लावत असतील. मी तिथे अर्धा तास नुसता बसून राहिलो. आतापर्यंतच्या शोधात सगळ्यांत जास्त जीव त्याच जागेत गुंतला.

आतापर्यंत दोन खेपा झाल्या.

पहिली ऑक्टोबरमध्ये, सायकलने. आठ दिवस पाऊस नव्हता, म्हणून वाटलं वाट सुकली असेल. वरची ढेपळं कोरडी होती, पण पांदणीत दोन्ही वावरांचं पाणी उतरतं आणि सावलीमुळे खालची काळी माती ओलीच राहते. पाचशे मीटरमध्ये मडगार्ड आणि चाकाच्या मधे चिखल ठासून भरला. चाक फिरेना. काडीने माती उकरायची, वीस पावलं जायचं, पुन्हा उकरायची. शेवटी सायकल खांद्यावर घेऊन परत आलो. त्यात रायमुनियाची (घाणेरीची) झुडपं दोन्ही बाजूंनी आत आलेली, आणि बाभळीच्या काट्यांनी दोन्ही ट्यूब गेल्या.

दुसरी खेप फेब्रुवारीत, उलंगवाडी झाल्यावर, म्हणजे पिकं काढून झाल्यावर, पायी. वावरं मोकळी, जमीन टणक, दूरवरचं दिसत होतं. रिठीपर्यंत पांदण उत्तम आहे. काही ठिकाणी धुऱ्यालगत (बांधालगत) जुन्या चाकोऱ्या अजून कळतात. रिठीच्या पुढे साधारण सहाशे मीटरवर पांदणीच्या तोंडाशी काट्या टाकलेल्या होत्या आणि पलीकडे सरळ पराटीच्या (कापसाच्या झाडांच्या) धसकटांचं वावर. रस्ता नांगरून वावरात घेतलेला. तिथून नाल्यापर्यंत खूण म्हणून काही नाही. नाल्याच्या पलीकडे, देऊरवाड्याच्या बाजूने मागे चालत आलो तर पुन्हा एक गाडीवाट मिळते. मधले अडीच किलोमीटर गायब.

त्या वावराच्या मालकाशी भेट झाली नाही. शेजारच्या काकांनी एवढंच बजावलं, "संध्याकाळच्या आत निघून जा भाऊ, रोही-डुकरासाठी तारा लावतात लोक." रोही म्हणजे नीलगाय. सोलरच्या झटका मशीनचा झटका बसून माणूस मागे सरतो. पण कुठे कुठे लाइनवरून थेट करंट सोडतात आणि त्यात माणसं गेली आहेत. म्हणून मी चारच्या पुढे वावरात थांबत नाही.

आता विचारायचं ते हे. वाट नेमकी कुठून जात होती, हे कोणत्या कागदावर मिळेल? गुगल मॅपवर रिठीचं नावसुद्धा नाही. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशात एक गाडीवाट दिसते, पण त्या मापात एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचं अर्धा किलोमीटर, त्यावरून धुरा ओळखता येत नाही. आणि दुसरं, कार्तिकात तिथे कापूस उभा असणार, वेचा चालू असणार. त्या शेतकऱ्याशी बोलायचं कसं? मला तहसीलमध्ये अर्ज करून कुणाशी वैर घ्यायचं नाही. बंड्या बंद झाल्या, कुणी जाईना, म्हणून त्याने नांगरलं. त्याच्या जागी मीही कदाचित तेच केलं असतं.

टायरबद्दलही कुणाचा अनुभव असेल तर सांगा.

प्रतिसाद

भाऊ, महसूल खात्यात नोकरी झाली म्हणून लिहितो. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून त्या मौजाचा गाव नकाशा काढा. रिठी असली तरी मौजा आहे, म्हणजे नकाशा असतो. नाल्यापलीकडचा मौजा वेगळा असेल तर दोन्ही घ्या, हद्दीवर जुळवा. दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीवाट, एकेरी तुटक म्हणजे पायवाट. गाडीवाट १६.५ ते २१ फूट धरतात, पायवाट ८.२५ फूट. आपली जमीनमोजणीची जुनी साखळी ३३ फुटांची, तिचा पाव भाग. वाट कोणत्या दोन गटांच्या मधून जाते ते नकाशावरच कळतं.

वाजिब-उल-अर्जही पाहा. गावातल्या वहिवाटीच्या वाटा त्यात नोंदवलेल्या असतात, जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम १६५. लोक तुम्हाला कलम १४३ सांगतील. ते शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात जायला धुऱ्यावरून वाट मिळावी यासाठी आहे, यात्रेकरूसाठी नाही. तुम्ही बोलूनच घ्या, ते बरं. जाताना बाबांना सोबत न्या. तुमच्यापेक्षा त्यांचं ऐकतील.

प्रतिसाद

यवतमाळकडे सायकल चालवतो. मडगार्ड घरी काढून ठेवा, रुंद टायर घाला, ट्यूबमध्ये सीलंट (भोक आपोआप बुजवणारा द्रव) भरा. सराट्याचे बारीक काटे सीलंट झेलतो, बाभळीचा लांब काटा नाही झेलत, म्हणून एक ट्यूब जास्तीची असू द्या. काळ्या मातीत ओल असेल तर कोणताच टायर चालत नाही, त्या दिवशी जाऊच नका. आमच्या टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूला असाल तर पहाटे आणि सांजेला वाघाचाही विचार करावा लागतो. तुमच्याकडे निघण्याआधी गुराख्यांना विचारा, जनावर फिरतंय का ते त्यांना आधी कळतं.

धागाकर्त्याकडून भर

दोघांचेही मनापासून आभार. दोन्ही नकाशे मिळाले. दुहेरी तुटक रेघ स्पष्ट आहे, रिठीच्या विहिरीला लागून थेट नाल्यापर्यंत. बाबांनी चष्मा लावून रेघेवर बोट फिरवलं आणि मधेच थांबून म्हणाले, "इथं चिखलात रेंगी फसली होती."

रविवारी त्यांना घेऊन त्या शेतकऱ्याकडे गेलो. नकाशा पिशवीतच ठेवला. बाबांनी त्यांच्या वडिलांची चौकशी केली. दोघांचे वडील एकाच जिनिंगवर कापूस न्यायचे, हे निघालं. चहा झाला. मग ते स्वतःच म्हणाले की रस्ता धुऱ्याच्या खालच्या अंगाने होता. मृगाच्या पेरणीत तिकडची चार तासं (पेरणीच्या ओळी) सोडतो, बंडी नाही पण माणूस आणि सायकल जाईल. नंतर काट्याही बाजूला करून देतो म्हणाले.

बाबांना रिठीपर्यंत बंडीत नेऊ. गावात एका घरी बैलजोडी आहे, त्यांनी होकार दिला आहे. पुढचे अडीच किलोमीटर त्यांना हाताला धरून चालवीन. डॉक्टरांना विचारलं आहे, सकाळच्या गारव्यात हळू चालायला हरकत नाही म्हणाले.

राहिला नाला. नकाशात रेघ काठाशी संपते आणि समोरच्या काठावर बरीच वर सरकून पुन्हा सुरू होते, म्हणजे बंड्या पात्रातून तिरप्या जात असाव्यात. बाबांचा काळा खडक मला फेब्रुवारीच्या खेपेत दिसला नाही. देऊरवाडा परिसरातलं कुणी इथे असेल आणि घरी म्हाताऱ्या माणसांना तो उतार आठवत असेल, तर खडक उताराच्या वरच्या अंगाला होता की खालच्या, एवढं विचारून सांगाल का?